दुपारच्या खेळाचा निकाल

बेळगावच्या दिवाणी न्यायालयात वकिलीत जन्म काढून मी चित्रपटांची परीक्षणे लिहू लागलो, तेव्हा घरच्यांना वाटले की आता तरी हा माणूस थंड होईल. तसे झाले नाही. न्यायालयात निदान समोरच्या पक्षाला उत्तर देणे भाग असते. चित्रपटांचे निर्माते उत्तरच देत नाहीत. पडद्यावरचा न्यायाधीश टेबलावर लाकडी हातोडा आपटू लागला की मी घरी येऊन पत्र लिहितो : महोदय, असा हातोडा मी उभ्या हयातीत एकाही न्यायालयात पाहिलेला नाही, कृपया काढून टाकावा. पत्रे जातात. हातोडा आपटणे चालू आहे.

इथल्या एका मराठी दैनिकात दर रविवारी माझे परीक्षण छापून येते. त्याची बांधणी मी निकालपत्रासारखी ठेवली आहे. आधी हकिकत, मग जमेच्या बाजू, मग दोष, आणि अखेरच्या ओळीत निर्णय. अलीकडच्या चित्रपटांना हा निर्णय बहुधा एकच असतो : अंशतः मंजूर. पूर्वार्ध नेटका, उत्तरार्ध ढासळलेला. संवाद खरे, गाणी उपरी. नायिका समजूतदार, नायक सतत आरशासमोर उभा असल्यासारखा. साफ फेटाळावा असा चित्रपट क्वचित येतो, संपूर्ण मंजूर करावा असा त्याहून क्वचित. त्याचे आता दुःख होत नाही, नुसता शीण येतो.

पण अंशतः मंजूर हा निकाल आमच्या भागात कुणाला पचत नाही. सीमेचा दावा ऐकत ऐकत इथल्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, त्यामुळे निकाल कशाचाही असो, माणूस एकच विचारतो : आपल्या बाजूने की विरुद्ध? मधले काही त्याच्या कानात शिरत नाही.

यंदा दिवाळीनंतर एक चित्रपट आला. विणकराच्या घरातला जागेचा तंटा, आणि तोही सीमेवरच्या गावातला, म्हणजे आमचाच. शहरातल्या ज्या एका जुन्या चित्रपटगृहात मराठी चित्रपट अजून लागतो, तिथे त्याला दुपारी बाराचा खेळ मिळाला. मराठीसाठी तिथे उरलेली जागा तेवढीच, आणि तो खेळ रिकामा गेला तर तीही दुसऱ्या भाषेकडे जाणार, हे व्यवस्थापकांनी मला आधीच सांगून ठेवले होते.

मी वडगावच्या माझ्या शाळासोबत्याला घेऊन गेलो. त्याच्या घरी यंत्रमाग आहेत. चित्रपटात एका प्रसंगी वीज जाते, सगळे माग एका क्षणात थांबतात आणि मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलणारी सून त्या शांततेत सासूची उणीदुणी तशीच ओरडत राहते. माझा मित्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ‘आमच्या घरातलंच हाय रं हे,’ म्हणाला. पुढे मात्र नातू आजोबांना ‘काय रं आजा’ म्हणाला आणि मी खुर्चीत ताठ झालो. आमच्याकडे आजोबांना रं म्हणणाऱ्या नातवाचे थोबाड शाबूत राहत नाही. वाक्यागणिक रं चिकटवला की आमची बोली झाली, असा यांचा समज. शेवटी न्यायालय, आणि अर्थातच हातोडा.

मी जे होते ते लिहिले. वीज जाण्याच्या प्रसंगासाठी दोन परिच्छेद, बोलीसाठी एक, हातोड्यासाठी एक. अंशतः मंजूर.

सोमवारी व्यवस्थापकांचा फोन आला. ते निपाणीकडचे जैन गृहस्थ. घरात कन्नड, व्यवहारात मराठी.

‘सर, तुम्ही चांगला म्हटला न्हाय, वाईट बी म्हटला न्हाय. लोकं घरातच बसली बघा. शुक्रवारपासनं काढतो.’

संध्याकाळी मित्र दारातूनच सुरू झाला.

‘पाडलास की रं! आपल्या लोकांचा पिक्चर, तू आपला माणूस, आन् तूच पाडलास!’

‘मी कुठे पाडला? स्तुती वाचली नाहीस?’

‘शेवटची वळ वाचली. सगळ्यांनी तेवढीच वाचली. आता दुसरं लिव. झकास हाय म्हणून लिव.’

‘दिलेला निकाल मी फिरवत नाही.’

‘मग बस हिंडलग्याच्या तुरुंगात निकाल कवटाळून,’ म्हणाला आणि चहाला न थांबता गेला. तो चहा सोडून गेला, हे मला लागले.

त्या रागात मी व्यवस्थापकांना पत्र लिहिले. दुपारी बारा वाजता माग चालू असतात, शाळा-कचेऱ्या भरलेल्या असतात. ज्यांच्यासाठी चित्रपट आहे त्यांना येताच येऊ नये अशी वेळ देऊन वर प्रेक्षक नाहीत म्हणणे म्हणजे पक्षकाराला न ऐकताच निकाल देणे होय. सबब रविवारी संध्याकाळचा एक खेळ द्यावा आणि मगच निर्णय करावा. आयुष्यात प्रथमच माझ्या अशा पत्राला उत्तर आले. व्यवस्थापक फोनवर म्हणाले, ‘सर, तुमच्याशी भांडायला मला वेळ न्हाय. घ्या रविवार. एकच.’

मी मित्राला कळवले. त्याने वडगावात घरोघर सांगितले. काय सांगितले ते मी विचारले नाही. रविवारी स्कूटरींची रांग लागली. वीज गेली तेव्हा सारे चित्रगृह हसले, बायका तर मोठमोठ्याने. नातवाने ‘काय रं आजा’ म्हणताच मागून आवाज आला, ‘कानफटात द्या त्याला!’ आणि हातोडा आपटला तेव्हा पुढच्या रांगांतली माणसे मागे वळून माझ्याकडे बघू लागली. माझे परीक्षण शेवटच्या ओळीच्या वरही कुणीतरी वाचले होते तर.

खालचा मजला भरला होता. बाल्कनी पार रिकामी.

व्यवस्थापक जिन्यापाशी उभे होते. ‘खाली भरलं, वर न्हाय,’ म्हणाले. ‘शनिवार-रविवार दुपारचा ठेवतो. बाकीचे दिवस न्हाय. आता पत्र लिव्हू नका, सर.’

संतापावे असेच हे होते. आठवड्यातले पाच दिवस गेले, संध्याकाळची वेळ नाहीच, कारणे दिलेली नाहीत. मुद्दे मनात आपोआप क्रमाने उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. पाय दुखत होते.

बाहेर मित्र स्कूटरवर बसून वाट बघत होता. ‘काय झालं? जिंकलाव का हरलाव?’

अंशतः मंजूर म्हणजे काय, हे मी हजारो अशिलांना त्याच प्रश्नाच्या उत्तरादाखल समजावले असेल. पुन्हा एकदा समजावण्याचे त्राण नव्हते.

‘शनिवारी येतोस?’ मी विचारले.

‘त्योच पिक्चर?’

‘तोच.’

‘तू हातोड्याचं बोलणार नसशील तर येतो,’ म्हणाला आणि मला बसायला जागा देण्यासाठी पुढे सरकला.