वाकडी भिंत आणि दुरुस्तीचं हेड

त्या रविवारी आमच्या गावाने सरकारी दवाखान्याची भिंत पाडली. मार्चचा पहिला आठवडा, उन्हं तापायला लागलेली... आणि अर्धं गाव टिकाव, फावडी, घमेली घेऊन सकाळीच हजर!

गाव रोहण्याच्या अलीकडे, आर्वी तालुक्यात. काळ नव्वदच्या दशकाचा शेवट. दवाखाना म्हणजे दोन खोल्यांचं कौलारू उपकेंद्र, आणि माझी आई तिथली नर्सबाई. मी वर्ध्याला कॉलेजात होते, परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी आले होते.

मागच्या खोलीत बाळंतपणं व्हायची. त्या खोलीची मागची भिंत पोट काढून आत झुकली होती. पलंगावर गिलावा पडायला लागला, तेव्हापासून आई तिथे बाळंतपण करायला घाबरायची, बायांना आर्वीला पाठवायची.

शेजारच्या शोभावहिनीलाही तिने असंच पाठवलं होतं. बाळ वाटेतच झालं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत... आणि वाटेतच गेलं. आता वहिनीला परत दिवस भरत आले होते, आणि आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

वर्षभर वर्ध्याच्या सरकारी ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यावर फेब्रुवारीत मंजुरी आली. दुरुस्तीसाठी तरतूद झाली! सरपंच रामभाऊंनी सगळ्यांना बोलावलं. भिंत पाडायची मजुरी कशाला द्यायची, ते काम आपण करू, म्हणजे सगळा पैसा नव्या भिंतीला लागेल, असा त्यांचा हिशेब. श्रमदान म्हटलं की आमच्याकडे कोणी घरी बसत नाही. छपरावरचे कवेलू उतरवले, दुपारपर्यंत भिंत साफ. मीही घमेली वाहिली. संध्याकाळी आईने सगळ्यांना चहा पाजला... किती खूश होती ती!

दोन दिवसांनी इंजिनिअर साहेब जीपमधून आले. मोकळ्या जागेकडे बघतच राहिले.

"कोणी पाडली ही?"

"आमी पाडली सायेब. श्रमदान केलं," रामभाऊ छाती फुगवून म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, पैसा दुरुस्तीच्या हेडचा, म्हणजे फक्त त्याच खात्यावरचा आहे. भिंतच नाही तर दुरुस्त काय करू? हे आता नवीन बांधकाम झालं. त्याचं हेड वेगळं, त्याची मंजुरी वेगळी. पुढच्या बजेटला प्रस्ताव पाठवा."

"पैसा तं सरकारचाच हाय ना? मंग काऊन नाई चालत?"

"पैसा सरकारचा, पण हेड बदलता येत नाही."

म्हणजे बघा... भिंत बाळंतिणीच्या अंगावर पडायला आलेली असेल तर सरकारकडे पैसा आहे. गावाने घाम गाळून ती पाडली तर पैसा नाही. मी तिथेच चार शब्द सुनावणार होते, आईने दंड धरला. जीपमध्ये बसताना साहेब हळूच म्हणाले, भिंत उभी असती तर झालं असतं.

झालं! गावाने ठरवलं, भिंत उभी करायची. दुरुस्त करता येईल अशी... म्हणजे मुद्दाम वाईट.

पाडलेल्याच विटा, मातीचा गारा. आमचे गवंडी विठोबाकाका भिंत रचत होते आणि शिव्या घालत होते. "जिंदगीत पयल्यांदा मुद्दाम वाकडी भिंत बांधून राह्यलो, बाई! पोरं हासतीन मले." आठवडाभरात भिंत उभी राहिली, या वेळी बाहेरच्या बाजूला कललेली, वर कवेलू चढले. काकांनी थापीने दोन भेगाही पाडून दिल्या, साहेबांना दाखवायला.

रामभाऊ वर्ध्याला गेले. साहेब, भिंत आहे, या, दुरुस्त करा.

रामभाऊ परत आले ते सरळ आमच्या ओट्यावर बसले. पाणी दिलं तर पाणीही प्यायले नाहीत. मार्चएंडला पैसा लॅप्स होऊ नये म्हणून तो दुसऱ्या कामाकडे वळवला होता. कुठल्या? मोठ्या साहेबांच्या बंगल्याची रंगरंगोटी! हेड तेच, दुरुस्तीचं. बंगला उभा होता ना... त्यामुळे नियमात चोख बसला.

मी रडले नाही. मी नुसती संतापले होते. ज्याच्या भिंतीला साधा तडा नाही त्या बंगल्याला रंग, आणि जिथे बाई जीव मुठीत धरून बाळाला जन्म देणार तिथे मातीचा गारा! आणि यात कोणाची चूक नाही म्हणे. सगळं नियमाप्रमाणे.

मार्चच्या अगदी शेवटच्या दिवशी शोभावहिनीला कळा सुरू झाल्या. आर्वीचं नाव काढलं तर ती ओरडली, "मी नाई जात त्या रस्त्यानं!" आईने एकदा भिंतीकडे पाहिलं आणि पलंग भिंतीपासून लांब ओढला. बाहेर अंगणात विठोबाकाका भिंतीला बाहेरून लाकडी बल्ल्यांचा टेकू देऊन बसले होते. उठा म्हटलं तरी उठले नाहीत.

संध्याकाळी मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली... आणि काका टेकू धरूनच रडले.

नवीन बांधकामाचं हेड मिळालं तेव्हा आई रिटायर झाली होती. इमारत छान आहे, फरशी वगैरे. बाहेर पाटी आहे, पाटीवर उद्घाटन करणाऱ्यांची नावं आहेत. श्रमदान करणाऱ्यांपैकी एकाचंही नाही, विठोबाकाकांचंही नाही. म्हणून आज इथे लिहिते आहे.

दरवर्षी मार्च संपत आला, पेपरात निधी परत गेल्याच्या बातम्या यायला लागल्या की माझं डोकं फिरतं. मग महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी शोभावहिनीच्या पोरीला वाढदिवसाचा फोन करते. त्या वर्षीच्या मार्चएंडला आमच्या गावाच्या हाती लागलेली तेवढी एकच गोष्ट... आणि ती कुठल्याच हेडखाली नव्हती.