स्टिअरिंगमधली चार बोटं

पिकअप माझ्या हातात आली ती नवऱ्याच्या खांद्यामुळे. दहिसरला नदीच्या बाजूला आमची छोटी नर्सरी आहे. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या ऑफिसांना आम्ही कुंड्या भाड्याने देतो. एसीत झाडं लवकर मलूल होतात. मग ती परत आणायची, ऊन-पाणी देऊन उभी करायची आणि त्यांच्या जागी ताजी नेऊन ठेवायची. ही ने-आण वर्षानुवर्षं नवराच करायचा. त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. ड्रायव्हर ठेवून बघितले, एकही टिकला नाही. मला कार चालवता येत होती. पिकअप म्हणजे कारच, फक्त जरा उंच, असं स्वतःला सांगून मी बसले.

पहिल्याच फेरीत लक्षात आलं की हे स्टिअरिंग काहीतरी विचित्र आहे. डावीकडे वळवलं तर आधी काहीच व्हायचं नाही. चारेक बोटांएवढं स्टिअरिंगचं चाक नुसतंच फिरायचं, मोकळं, आणि मग अचानक गाडीला जाग यायची. सरळ रस्त्यावरसुद्धा मी सारखी थोडं इकडे, थोडं तिकडे करत राहायचे. अंधेरीला पोचेपर्यंत दोन्ही मनगटं भरून यायची. हायवेवर ब्रेक मारला की गाडी आपल्या मनाने एका अंगाला सरकायची.

घरी आल्यावर सांगितलं. नवरा म्हणाला, "जुनी गाडी आहे गं. तुला सवय नाही."

"सवयीचा प्रश्न नाहीये. स्टिअरिंग ढिलं आहे."

"माझ्या हातात तर कधी ढिलं नव्हतं."

त्याचा हात गळ्यात अडकवलेल्या पट्टीत होता, आणि त्या हाताची बाजू घेऊन तो माझ्याशी भांडत होता.

चेकनाक्याजवळ आमचा ठरलेला मेकॅनिक आहे. नवऱ्याच्या ओळखीचा, त्याच्यासारखाच कोकणातला, त्याच्या शेजारच्या गावचा. मी गाडी घेऊन गेले आणि काय होतंय ते नीट सांगितलं. त्याने पुढची चाकं जॅकवर उचलली, दोन्ही हातांनी धरून हलवली, खालून-वरून बघितलं.

"वहिनी, काही नाही. सगळं टाइट आहे."

"मग चालवताना असं का होतं?"

"पॉवर स्टिअरिंग आहे ना, लेडीजना हलकं लागतं."

मी म्हटलं, चल, बस गाडीत. तो एक चक्कर मारून आला. गल्लीतल्या गल्लीत, दुसऱ्या गिअरवर, मागे एकही कुंडी नसताना. उतरून म्हणाला, "झकास चालतेय." आणि माझ्यासमोरच नवऱ्याला फोन लावला. दोघं हसले. काय बोलून हसले ते मला ऐकू आलं नाही, पण कशावर ते कळलं.

पुढच्या फेरीला भरलेल्या गाडीत तेच. मी पुन्हा गेले. या वेळी त्याने चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची टोकं बदलली, अलाइनमेंट करून आणायला लावलं. अलाइनमेंटवाल्याने कॉम्प्युटरवर सगळे आकडे हिरवे करून दाखवले. ते हिरवे आकडे बघून मला क्षणभर स्वतःचीच शंका आली. पण हायवेला लागले आणि चाक पुन्हा बोटाबोटाने मोकळं फिरायला लागलं.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मेकॅनिकचा चेहरा बघण्यासारखा होता. शेवटी त्याने स्टिअरिंग बॉक्सवरचा एक स्क्रू आवळला. हा बॉक्स म्हणजे एक जड लोखंडी डबा. आपण स्टिअरिंग फिरवतो ते या डब्यातून चाकांपर्यंत जातं. "आता बघा वहिनी, ढिलं म्हणून नावच नाही घेणार." आणि खरंच, स्टिअरिंग घट्ट झालं. इतकं घट्ट, की वळण घेतल्यावर ते परत सरळ होईना. एमआयडीसीच्या वळणावर मी वळले आणि गाडी वळतच राहिली. दोन्ही हातांनी ओढून सरळ केली तेव्हा पुढचं चाक फुटपाथला घासत होतं. फुटपाथवरच्या पानवाल्याने काहीतरी शिवी दिली. मी गाडी तशीच हळूहळू नाक्यावर आणली आणि म्हटलं, "होतं तसं कर. आत्ताच्या आत्ता."

"तुम्हीच म्हणालात टाइट करा."

"मी दुरुस्त कर म्हणाले होते!"

त्याने स्क्रू सोडला. घरी मी नवऱ्याशी दिवसभर बोलले नाही. तो दोन वेळा म्हणाला, "गे, जेव तरी." मी रोपांना पाणी घालत राहिले, गरज नसलेल्यांनासुद्धा. माझं म्हणणं खोटं आहे असं कोणी म्हणत नव्हतं. ते फक्त माझ्यापर्यंत येऊन थांबत होतं, पुढे कोणापर्यंत जात नव्हतं. संताप या गोष्टीचा होता.

मग एक दिवस नवऱ्याला खांदा दाखवायला अंधेरीला जायचं होतं. कुंड्याही पोचवायच्या होत्या, म्हणून तो माझ्या शेजारी बसला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मागे अरेका पामच्या मोठ्या कुंड्या होत्या, ओल्या मातीच्या, चांगल्या जड. गोरेगावपर्यंत तो सूचना देत होता. लेन धर, हॉर्न दे, याला जाऊ दे. मी दात आवळून चालवत होते.

जोगेश्वरीच्या अलीकडे फ्लायओव्हर उतरताना पुढच्या रिक्षाने एकदम ब्रेक मारला. मीही मारला. गाडी डावीकडे ओढली गेली. डाव्या बाजूला बस होती. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

"अगं फिरव ना!" नवरा ओरडला.

"फिरवलंय!"

त्याने बघितलं. माझे हात वळलेले होते, स्टिअरिंग वळलेलं होतं आणि गाडी तशीच बसकडे चालली होती. बसची लाल बाजू त्याच्या खिडकीत भरली. त्याने डावा हात पुढे टाकून माझ्यासोबत चाक ओढलं, आणि तेवढ्यात गाडीने ऐकलं. आरसा बसला घासून मुडपला. मागे कुंड्या आदळल्याचा आवाज झाला. बस निघून गेली.

सर्व्हिस रोडला येऊन मी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. नवरा पांढराफटक पडला होता. मग तो म्हणाला, "स्टिअरिंग फिरलेलं होतं, मी बघितलं."

"कधीपासून सांगतेय तुला!"

"हो."

"हो काय? दर वेळी सवय नाही, सवय नाही. सवय कशाची करायची, मरायची?"

मला रडायला येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. उतरून मागे गेले. दोन कुंड्या फुटल्या होत्या. माती सावरताना डोक्यात एक गोष्ट आली. मेकॅनिकने दर वेळी चाकं हवेत उचलून बघितलं होतं. हवेत चाकावर वजनच नसतं, जोर पडत नाही. आणि मला त्रास व्हायचा तो भरलेल्या गाडीत. मग बघायचं तर आत्ता, असंच, चाकं जमिनीवर असताना.

मी हँडब्रेक ओढला, फुटक्या कुंड्यांचे तुकडे चाकांना लावले, त्यावर दोन दगड. नवऱ्याला म्हटलं, "ड्रायव्हिंग सीटवर बस. इंजिन चालू कर. मी सांगेन तेव्हा डाव्या हाताने स्टिअरिंग थोडं थोडं हलव. डावी-उजवी, बस. गिअरला हात लावायचा नाही."

"तू काय करणार?"

"खाली बघणार."

"वेडी आहेस का? रस्त्यात?"

"बस म्हटलं ना."

कुंड्यांखालचं गोणपाट अंथरून मी बंपरखाली डोकं घातलं, मोबाइलचा टॉर्च लावला. इंजिनची गरम हवा तोंडावर येत होती. जाणारे-येणारे थांबून बघत होते. कोणीतरी विचारलं, "काय झालं, ॲक्सिडेंट?" मी ओरडले, "हलव!"

वर स्टिअरिंग फिरलं. खाली टायर जागचे हलले नाहीत. हलला तो स्टिअरिंग बॉक्स. आख्खा डबा त्याच्या जागेवरून पुढे-मागे सरकत होता. बोल्ट घट्टच होते. पण बोल्ट ज्या लोखंडात बसवले होते, गाडीच्या त्या मुख्य सांगाड्यालाच तडा गेला होता. चिखल आणि गंज यांच्या थराखाली तो दिसत नव्हता. आत्ता जोर पडला की फट उघडायची, सोडलं की मिटायची. माझी हरवलेली चार बोटं तिथे होती.

व्हिडिओ काढून मी बाहेर आले आणि नवऱ्याला दाखवला. त्याने दोनदा बघितला. मग हळूच म्हणाला, "माझ्या वेळेसही थोडं व्हायचं तसं. मी सांभाळून घ्यायचो."

त्या क्षणी मला बसपेक्षा जास्त धक्का बसला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे... हात आपोआप थोडा जास्त फिरायचा. लक्षात पण यायचं नाही."

आणखी बोलले असते तर तिथेच रस्त्यावर तमाशा झाला असता. पिकअप चालवायची नाही एवढं मात्र मी ठरवलं. टोइंगवाल्याला बोलावलं, नवऱ्याला रिक्षाने डॉक्टरकडे पाठवलं, कुंड्या दुसऱ्या टेंपोत भरल्या. ऑफिसच्या ॲडमिनवाल्या बाई उशीर झाला म्हणून बोलल्या, ते ऐकून घेतलं आणि नाक्यावर गेले.

मेकॅनिकने व्हिडिओ बघितला, खाली वाकून तडा बघितला आणि म्हणाला, "वहिनी, चॅसीला फट आहे हे आधी सांगायचं ना."

"फट शोधायचं काम माझं होतं?"

तो ओशाळला असेल, पण तसं दिसलं नाही. नुसती वेल्डिंग मारून देतो म्हणाला. मी नाही म्हटलं. तडा पूर्ण उघडून भरायचा, वरून जाड प्लेट बसवायची, आणि मग माझ्यासमोर, भरलेल्या गाडीत, चाकं जमिनीवर ठेवून हलवून दाखवायचं. तो नवऱ्याकडे बघायला लागला. नवरा तोवर डॉक्टरकडून परत आला होता. म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोस? चालवते ती."

काम नीट झालं. आता स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळते, लगेच. खरं तर पहिले काही दिवस त्याचाच त्रास झाला. माझे हात जुन्या सवयीने जास्त फिरवायचे आणि गाडी डुलायची. एकदा मागचा बाइकवाला ओरडून गेला. ती सवय मोडायला वेळ लागला.

राग मोडायला अजून जास्त लागतोय. नवरा शेजारी बसला की आता सूचना देत नाही. पण फ्लायओव्हर उतरताना त्याचा डावा हात नकळत मांडीवरून उचलला जातो, हवेतच थोडा डावीकडे-उजवीकडे होतो. मला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. कधी कधी त्याची दया येते. बहुतेक वेळा मी म्हणते, "हात खाली ठेव." आणि तो ठेवतो.