ड्रमातला बहावा

घोडपदेवची चाळ रिकामी करायची नोटीस आली, तेव्हा गुणाजीने सामान बांधायच्या आधी अंगणातल्या बहाव्याच्या दोन शेंगा खिशात टाकल्या. बिल्डरने सांगितलं होतं, दोन वर्षं संक्रमण शिबिरात काढा, मग नव्या टॉवरात घर. गुणाजी माझगावच्या गोदीतला फिटर. दोन म्हणजे दोन, पावणेदोन नाही की सव्वादोन नाही, असा त्याचा स्वभाव.

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागचं ते शिबिर म्हणजे सिमेंटचं वाळवंट होतं. वर तापलेले पत्रे, नळाला अर्धा तास पाणी. इथे जगलं तर बहावाच जगेल, हे गुणाजीला ठाऊक होतं. त्याने कडक बिया पॉलिश पेपरवर घासल्या, गरम पाण्यात भिजवल्या आणि रुजत घातल्या. एक उगवली.

त्याची बायको सुभद्रा म्हणाली, "अहो, मोरीच्या मागे दोन हात माती असा. थंय लावा."

"वेडी काय गो? जमिनीत लावलं म्हणजे इथंच राहायचं ठरलं."

सगळ्या शिबिराचाच तो नेम होता. कुणी भिंतीला खिळा ठोकत नसे. देवाचे फोटो ट्रंकांवर टेकवलेले, तुळशी रंगाच्या डब्यांत. गुणाजीने भंगारातून ड्रम आणला, अर्धा कापला, बुडाला चार भोकं पाडली, माती भरून रोप लावलं आणि तो मोरीमागच्या मातीवर ठेवला. रोज तांदूळ धुतलेलं तांब्याभर पाणी घालायचं, त्यापेक्षा जास्त नाही. दर दिवाळीला ड्रमाला बाहेरून रंग.

दोन वर्षांची पाच झाली, पाचाची आठ. बहाव्याला पानं यायची, गळायची. फूल कधी नाही.

"तुमच्या झाडाक पण पझेशन मिळाल्याशिवाय फुलूचा नाय," सुभद्रा टोमणा मारायची.

अकराव्या वर्षी चैत्रात फांद्यांना कळ्यांचे घोस लोंबले. त्याच आठवड्यात टॉवरच्या चावीचं पत्र आलं. गुणाजीने पत्र झाडाला दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं.

तो मुलाला, राजेशला, घेऊन टॉवर बघायला गेला. सतराव्या मजल्यावरचं घर त्याने घाईघाईत पाहिलं आणि खाली आला. अंगण कुठे आहे? हिरवळ होती. खिशातला स्क्रूड्रायव्हर त्याने तिच्यात खुपसला. चार बोटांवर काँक्रीटला लागून टक् वाजलं.

"काका, खाली पार्किंग आहे," वॉचमन म्हणाला. "झाडबिड नाही चालत. कुंडी चालेल."

"मग ड्रमातच राहील," गुणाजी म्हणाला. "अकरा वर्षं राहिलाय, अजून राहील."

खोली सोडायच्या दिवशी टेम्पो उभा राहिला. सगळं सामान चढलं. शेवटी राजेश आणि तिघे हमाल ड्रमाला भिडले. ड्रम हलेना. पहार लावली, तरी हलेना. गुणाजी पोटावर आडवा पडून बुडाखाली बघू लागला. एका भोकातून मनगटाएवढं मूळ सरळ जमिनीत गेलं होतं. त्याच्या वाढीने पत्रा फाटला होता. आपण मोजून पाणी घातलं म्हणून फूल आलं, असं समजत होता तो.

"करवत द्या बाबा, कापून टाकू. टेम्पोवाला बोंबलतोय."

"कापलं तर मरेल."

"आणि ठेवलं तर?"

सुभद्रा पायरीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, "झाडाक कळला. तुमका नाय."

गुणाजीने हत्यारांच्या पेटीतून लोखंड कापायचा हॅकसॉ काढला आणि मुळाऐवजी ड्रमच कापायला घेतला. तासभर लागला. पत्रा उलगडून बाजूला पडला, पण माती ढासळली नाही. आतली मुळं गोल गोल फिरून एकमेकांत विणली गेली होती. ड्रम नव्हता, तरी ड्रमाचाच आकार उभा होता. गुणाजीने त्या मुळांवरून हात फिरवला. मग टोपलीने माती आणून त्याने भोवती आळं केलं.

तेवढ्यात खोलीची नवी माणसं आली. लालबागची चाळ पडल्यामुळे कालिंदी नावाची बाई बिऱ्हाड घेऊन आली होती. काखेत रंगाच्या डब्यातली तुळस.

"काका, खोलीत एकही खिळा कसा नाही हो?"

गुणाजीने हातोडी घेतली, आत जाऊन समोरच्या भिंतीत एक भक्कम खिळा ठोकला. "फोटो लाव. आणि ती तुळस मागे बहाव्याशेजारी मातीत लाव."

"कशाला उगाच?" कालिंदी हसली. "दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे."

तिने डबा विटेवर ठेवला, मुळं खाली उतरू नयेत म्हणून. गणपतीचा फोटो ट्रंकेवर टेकवला. गुणाजीने ‘अकरा’ म्हणायला तोंड उघडलं, पण बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.