कधीच न शिकलेल्या शीलाकाकू

शीलाकाकू मातीचं भांडं फार सुरेख करायच्या आणि झालं की लगेच मधोमध कापून टाकायच्या. चाकावरून भांडं सोडवायला एक बारीक तार असते, दोन टोकांना लाकडी मुठी असलेली. तीच तार वरून खाली ओढायच्या, भांड्याचे दोन तुकडे व्हायचे, ते मळून परत गोळा करायच्या आणि म्हणायच्या, "नाही जमलं बाप्पा."

नाही जमलं कसलं! आमच्या त्या अख्ख्या क्लासमध्ये फक्त त्यांनाच जमत होतं. विनिपेगच्या कम्युनिटी सेंटरच्या बेसमेंटमध्ये हा पॉटरीचा क्लास चालतो. मी जायचे ती विंटरमध्ये डोकं फिरू नये म्हणून. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा, दुसरं आहे काय? माझा पहिला मग घरी नेला तेव्हा लेक म्हणाली, "आई, इज इट सपोज्ड टू लीन?" तरी मी तो चार लोकांना दाखवला. आम्ही चिंचवडची माणसं, फी भरली की वसूल करणार. आणि ही बाई आठवड्यामागून आठवडे रिकाम्या हाताने घरी! मला तर हे कोडं सुटेना. आमच्या टीचर मार्गरेट लांबून ओरडत यायच्या, "शीला, प्लीज, नॉट दिस वन!" तोवर तार फिरलेली असायची. "ट्रायल मॅडम, ट्रायल," काकू हसून सांगायच्या.

काकू नागपूरच्या. तिकडे टेलिफोन ऑफिसात नोकरी करून रिटायर झाल्या आणि मुलाकडे आल्या. अंगाने एवढ्याशा, पंजाबी ड्रेसवर मुलाचा जुना स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. एकदा सिंकवर हात धुताना मी त्यांना धरलंच. म्हटलं, "काकू, वेड लागलंय का तुम्हाला? इतकी छान वाटी होती!"

"छान होती म्हणूनच कापली न," त्या म्हणाल्या. "पाहून घे. लग्नाआधी हौसेनं शिवण शिकली. सासरी कळलं, साऱ्या नणंदांचे ब्लाउज माझ्याकडे. टायपिंग शिकली, तर साहेबाच्या पोराचे निबंधही मीच टाईप करून राहिली. इथं येऊन या वयात बर्फात गाडी चालवणं शिकली. आता घरची ग्रोसरी, नातवाचं हॉकी, आमच्या बौद्ध असोसिएशनच्या बायकांची ने-आण, सारं मीच. आमच्यात सारे शिका शिका म्हणतात. बरोबरच आहे. पण शिकून साऱ्यांचे ब्लाउज शिव, असं नव्हतं म्हटलं कोणी."

"मग इथे काय?"

"इथं मी ढ आहे. घरी विचारतात, मम्मी जमलं का? मी म्हणते, नाही. ढ माणसाला कोणी काही मागत नाही, बाई. हे दोन तास तरी माझे राहू दे."

मला ते पटलंही आणि पटलं नाहीही. घरचे काही छळवादी नव्हते. मुलगा गुणी, सून प्रीती तर मम्मी मम्मी करणारी. आणि काकूंना कामाचा कंटाळा म्हणावा तर दोन तास चाकावरून उठायच्या नाहीत. आता यावर हसू की रडू, तेच मला कळेना.

मार्चच्या सुमारास काकूंची गाडी गॅरेजला होती. त्यांना न्यायला प्रीती आली आणि बाहेर थंडी म्हणून आत आली. चाकावर एक वाटी नुकतीच उभी राहिली होती, काठ पाकळीसारखा पातळ. काकूंच्या हातात तार होती. मी पाहिलं, काकूंनी पाहिलं, आणि प्रीतीनेही पाहिलं.

"मम्मी! हे तुम्ही केलं?"

"शी इज अवर बेस्ट!" मार्गरेटबाई आनंदाने बोलून गेल्या. "शी कट्स देम ऑल!"

प्रीतीचे डोळेच भरून आले. सासूला मिठी मारून म्हणाली, "मम्मी, बुद्धपौर्णिमेला खीरदान आहे ना आपलं? प्रत्येक फॅमिलीला तुमच्या हातच्या वाटीत खीर देऊ!" काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तार खाली ठेवली. खीरदानाला नाही कसं म्हणणार?

त्या दिवसापासून काकू वाट्या करायच्या आणि फळीवर मांडायच्या. नाही जमलं असं एकदाही म्हणाल्या नाहीत. खरं सांगायचं तर बोलेनाशाच झाल्या होत्या.

पौर्णिमेच्या कार्यक्रमाला मला आवर्जून बोलावलं होतं. निळसर वाट्या, त्यात गरम खीर, जो तो वाटी उलटीपालटी करून बघतोय. काकू पांढऱ्या साडीत बसल्या होत्या आणि, काय सांगू, चक्क खुलल्या होत्या! "चांगल्या झाल्या न ग?" असं मला दोनदा विचारलं. मी आणखीच गोंधळले. म्हणजे हेच हवं होतं का यांना? तेवढ्यात एक बाई म्हणाल्या, "काकू, दिवाळीला पणत्या तुमच्याकडूनच हं!" काकू हसल्या, मान हलवली, आणि उठून खिरीचं पातेलं घासायला घेतलं.

पुढच्या सेशनला त्या आल्याच नाहीत. मी दोन आठवडे वाट पाहून फोन केला.

"नाही येत आता," काकू म्हणाल्या. "तिथं मी शिकलेली आहे न."

मला फार वाईट वाटलं. "मग करता काय काकू?"

"स्विमिंगला जाऊन राहिली. बायकांची वेगळी बॅच आहे."

"अगं बाई! जमतंय का?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. "तू एकटीच आहेस न? स्पीकरवर नाही न?"

"एकटीच आहे."

"या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते मी, न थांबता," काकू हळूच म्हणाल्या. "घरी सांगितलं आहे, अजून बुडते."