निंदण, सरकणं, मांडी

माझ्या आईच्या गुडघ्याची फाइल पीएच.डी.च्या समितीसमोर पहिल्यांदा उघडली, तेव्हा पडद्यावर पाच प्रश्नचिन्हं आली. त्यांच्या वरच्या ओळीत आणखी तीन. बस्स. मी चार नावं दिली होती, दिसत होती दोनच, आणि त्या दोन्हींत वाचण्यासारखं काही नव्हतं. माझे मार्गदर्शक सर खाकरले आणि म्हणाले, "पुढे चला, नावांचं काय एवढं!" सगळं नावांवरच अडलं होतं, पण ते मलाही तेव्हा कळलं नाही. मी मुकाट पुढे गेले.

मी वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, बोरगाव मेघेला राहते. पीएच.डी.ला मी गुडघा घेतला होता. कृत्रिम सांधे बनवणाऱ्या एका कंपनीला नवा सांधा तयार करायचा होता आणि गुडघ्यावर कुठे किती ताण येतो ते आमच्या विभागाकडून हवं होतं. त्यासाठी खऱ्या गुडघ्याचा स्कॅन घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर त्याची जाळी करायची. म्हणजे हाडाचे आणि कूर्चेचे बारीक बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढायचा. मग हे सगळं एका फाइलीत भरून ठेवायचं: कुठला बिंदू कुठे आहे, कुठल्या बिंदूंनी मिळून कुठला तुकडा झाला, आणि माणूस कसा बसला तेव्हा त्या तुकड्यावर काय बेतलं. पहिल्या दोन गोष्टी कुठलीही फाइल सांभाळते. तिसरीची हमी कोणी देत नाही.

स्कॅन आईचा होता. आई आंजीला असते, स्वतःच्या वावरात निंदते आणि बोलावलं तर लोकांच्याही. गुडघा दुखतो म्हणून तिला ज्या डॉक्टरांना दाखवलं त्या प्रत्येकाने एकच सांगितलं, खाली बसू नका. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. खाली बसू नका म्हणजे काय? कपाशीतलं तण काय उभ्याने हात जोडले की निघून जातं?

जाळी तयार झाली तेव्हा लॅपटॉप घेऊन मी आंजीला गेले. आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"हा माहा गुडघा हाय का मच्छरदानी वं?"

"गुडघाच हाय, माय. हे लाल दिसून राह्यलं ना, तिथं जास्त जोर पडते."

"लाल काऊन ठेवला मंग? हिरवा करून टाक, बरा दिसन."

मी हसले. तीही हसली आणि चहा ठेवायला उठली. उठताना भिंतीला हात लावला, ते मी पाहिलं.

चार अवस्थांमधला ताण मी काढला होता. उभं राहणं ही एक. दुसरी निंदण, म्हणजे पायांचे दोन्ही तळवे जमिनीला टेकवून उकिडवं बसणं. तिसरी सरकणं. निंदणारी बाई दर वेळी उठून पुढे जात नाही. ती बसल्या बसल्याच सरकते: एक पाय पुढे टाकते, दुसऱ्याची टाच उचलते, आणि सगळं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर येऊन तिथेच पीळ खातं. चौथी मांडी, जेवायला बसतो तशी. माझ्या जाळीत सगळ्यात लाल होतं ते सरकणं, आणि त्याच्या खालोखाल निंदण. नावं मी फाइलीत मराठीतच टाकली: उभं, निंदण, सरकणं, मांडी. ज्या गोष्टीला माझ्या भाषेत धडधाकट नाव आहे, तिला दुसरं नाव शोधत बसायची मला गरज वाटली नाही.

आमच्या लॅबमधला फाइलींचा फॉरमॅट म्हणजे जुना खवट कारकून. छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर कॉम्प्युटर चालायचे त्या काळातला. प्रत्येक नावाला आठ घरं, आणि त्या घरांत फक्त रोमन अक्षरं. मराठी दिलं तर तो "घेत नाही" असंसुद्धा म्हणत नाही. गुपचूप घेतो आणि प्रत्येक खुणेच्या जागी एक प्रश्नचिन्ह मारतो. त्या संध्याकाळी घरी बसून मी पहिलीतल्या पोरीसारखी काना-वेलांट्या मोजल्या. निंदण: न, वेलांटी, अनुस्वार, द, ण. पाच. सरकणं: स, र, क, ण, अनुस्वार. पाच. मांडी: म, काना, अनुस्वार, ड, वेलांटी. पाचच! तिन्ही नावांची झाली पाच-पाच प्रश्नचिन्हं. सॉफ्टवेअरला वाटलं, ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली आहे. त्याने आधीचं पुसत नवं ठेवलं. शेवटी होती मांडी, ती राहिली. निंदण गेलं, सरकणं गेलं. अशी चूक करायला माणूस मराठीच लागतो, त्यातही माझ्यासारखा.

म्हणजे समितीने पाहिलं ते आईचं उभं राहणं आणि मांडी घालणं. दोन्हींत ताण बेताचा. सरांनी तिथल्या तिथे निष्कर्ष काढलाही होता, खाली बसण्याने गुडघ्यावर विशेष ताण येत नाही. कंपनीला तेच जाणार होतं. नवा सांधा त्यावरून ठरणार होता, आणि तो बसणार होता आईसारख्या बायांच्या पायात, ज्या तो घालून पुन्हा वावरात जाणारच. आईचा लाल गुडघा कोणाला न विचारता हिरवा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नाही, फक्त कशानेही घाईला येत नाही.

"मग इंग्रजी नावं द्या ना. स्क्वॉट-वन, स्क्वॉट-टू. प्रश्न मिटला."

"सर, सरकणं म्हणजे स्क्वॉट नाही."

"गुडघा वाकलाय ना? मग स्क्वॉटच तो."

"वाकलेला वेगळा आणि वाकून पिळलेला वेगळा. वन-टू लिहिलं की पुढचा कोणीही दोघांची सरासरी काढून मोकळा होईल."

"मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे. आणि त्या बायांनी स्टुलावर बसून निंदावं, असंही आपण सुचवू शकतो."

माझं डोकंच फिरलं. कपाशीच्या दोन ओळींमध्ये स्टूल! मी म्हटलं, "सर, नावं बदलणार नाही. फॉरमॅट बदलते."

रोमन अक्षरांत 'सरकणं' लिहिता आलं असतं, हे मला का कळत नव्हतं? कळत होतं. हट्ट होता का? होता. गावात राहून, मराठी शाळेत शिकून इथवर आले, त्या रस्त्यावर प्रत्येक वळणावर कोणीतरी सांगितलंच होतं की तुमचं ते जरा सोपं करून, आमच्या घरात मावेल असं लिहा. दर वेळी मी लिहिलं होतं. या वेळी आईचा गुडघा होता. नाही म्हणजे नाही.

आता असे फॉरमॅट आहेत की ज्यांत नावाला घरं मोजून मिळत नाहीत. फाइलीच्या आत खोल्या करता येतात, प्रत्येक खोलीच्या दारावर हवी ती पाटी, हव्या त्या लिपीत. आत ताणाचे आकडे, सोबत चार ओळी, की पाय कसे होते, वजन कुठे होतं. कोणालाही फुकट उघडता येतं, कुठल्या कंपनीच्या परवान्यावाचून. पुसले गेलेले दोन्ही ताण मी पुन्हा काढले, आणि जाळी जुन्या फाइलीतून नव्या फाइलीत न्यायचा प्रोग्रामही मीच लिहिला. तो सारखा तोंडावर आपटायचा. एकदा तर त्याने हाडाचे सगळे तुकडे उलटे करून ठेवले, आतली बाजू बाहेर. मी रडकुंडीला आले, पण मागे फिरले नाही.

सरांनी प्रबंधावर सही केली, करताना म्हणाले, "बाहेरच्या परीक्षकांकडे ही फाइल उघडली नाही, तर प्रबंध परत येईल. मी मध्ये पडणार नाही." मी बरं म्हटलं.

तोंडी परीक्षा भर श्रावणात आली. आईला म्हटलं, तू ये, सगळ्यांना बसता येतं. "निंदन सोडून मी तिकडं कायले येऊ?" ती म्हणाली. "तूच सांगजो त्याईले." लाल गुडघा घेऊन ती त्या दिवशीही वावरात होती.

परीक्षक उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर फाइल उघडली. उघडली! चारही पाट्या जशाच्या तशा, काना-वेलांटीसकट. त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या नावाशी थांबले.

"निंदण... यानी नींद?"

मागच्या बाकावरची माझी विद्यार्थिनी फिस्सकन हसली. मी निंदण समजावलं. त्यांनी मान डोलावली, पुढची पाटी वाचली, दोन्ही खोल्या शेजारी शेजारी उघडून बघितल्या.

"ये दोनों तो एक ही हैं, मॅडम. दोनों में बैठना ही है. एक नाम रख दीजिए, रिपोर्ट भी छोटी होगी."

सर लगेच म्हणाले, "करतो, सर, करतो."

माझ्या अंगावर इस्त्रीची साडी होती. मी निऱ्या वर खोचल्या आणि फरशीवर उकिडवी बसले. "ये निंदण," मी म्हटलं. मग डावा पाय पुढे टाकला, उजवी टाच उचलली, हाताने नसलेलं तण उपटलं आणि पुढे सरकले. "और ये सरकणं." गुडघ्याच्या आतून कळ आली. दर सुट्टीत निंदायला जायचे त्या वयानंतर मी अशी बसलेच नव्हते. पुन्हा सरकले.

"मॅडम, उठा," सर हळूच म्हणाले. "खुर्चीत बसून सांगा ना."

"खुर्चीत बसून सांगता येत नाही, सर," मी खालूनच म्हटलं. "म्हणून तर ते तुमच्या फाइलीत मावत नव्हतं."

मी परीक्षकांच्या टेबलापर्यंत आले होते. त्यांनी खुर्ची मागे ओढून मला वाट करून दिली. माझा गुडघा त्यांनी एकदा पाहिला, मग पडद्यावरचा पाहिला. "दोनों अलग हैं," ते सरांना म्हणाले. "कंपनी को दोनों जाएँगे. इसी नाम से."

ते लिहून घेत होते तेव्हाही मी सरकतच होते. समोरच्या भिंतीपर्यंतची ओळ संपली, तेव्हाच उठले.