मेंढरं पाण्यात उतरली तेव्हा दादा बारामतीत होता

इथले अनुभव वाचून तुम्ही घाबरत असाल, मी हसायचो. आमच्या कंपनीच्या गेटवर कुणी लिंबू-मिरची टांगली, तर त्यातली मिरची काढून वडापावाबरोबर खाणारा माणूस मी. बारामती एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच, एवढीच माझी श्रद्धा. तरी लिहितोय... कारण एका मे महिन्यात, भर दुपारी जे झालं त्याचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही. आणि त्यात माझी जी चूक आहे ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आमचं गाव कळस. आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडलांनी ती विकून डाळिंब लावलं. मोठा भाऊ, म्हणजे दादा, फौजेत गेला, हवालदार झाला. शेवटच्या पोस्टिंगला त्याच्या तुकडीतले दोन जवान स्फोटात गेले. पुढची वाट त्याला बरोबर वाटत नव्हती. तो ‘थांबा’ म्हणणार होता, पण सगळे हसतील म्हणून गप्प राहिला. हे त्यानं आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही वहिनीला. पेन्शनवर घरी आला तो वेगळाच माणूस. ट्रॅक्टरनं फट् केलं की हा कॉटखाली. पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप लागायची, पण जागा असला तरी तोंडातून शब्द निघायचा नाही.

शेवटी वहिनीनं त्याला पळसदेवला सुभेदार आबांकडं नेलं. आबा स्वतः रिटायर्ड फौजी. उजनीच्या पाण्याकडेला त्यांचं रान, शंभरेक मेंढरं, दोन घोडी आणि लिंबाखाली बिरोबाचं ठाणं. फौजेतून मनानं मोडून आलेली माणसं ते ठेवून घ्यायचे. उपचार म्हणाल तर सकाळी देवाला भंडारा, मग स्वतःच्या कपाळाला, मग दिवसभर मेंढरांमागं चालायचं. झालं! मी वैतागलो. “अहो आबा, मेंढरं राखून कुणी बरं होतं का?” असं तोंडावर बोललो.

“गोळ्या बंद करू नगा,” आबा शांतपणे म्हणाले. “पर ह्येचा सोताच्या आवाजावरचा भरवसा उडालाय. मेंढरू आवाजावर चालतं. ह्येनं हाक मारली आन् ती वळली, की भरवसा परत यील. बाकी बिरोबा हाय.”

सहा महिन्यांनी गेलो तर ओळखू येईना. खांद्यावर घोंगडं, कपाळ पिवळंधमक, आणि घसा मोकळा सोडून, “हुर्रर्रर... हे चांदीऽऽ!” चांदी म्हणजे कळपातली पुढं चालणारी मेंढी. ती थबकली, वळली, मागोमाग सगळा कळप वळला. दादा माझ्याकडं बघून हसला. “काय सायेब, बूट खराब हुत्याल की तुमचं!” मी गाडीत जाऊन बसलो आणि ढसाढसा रडलो. खोटं कशाला सांगू.

आणि मग मीच माती खाल्ली.

मुलीचा साखरपुडा ठरला, बारामतीत, एका मोठ्या हॉलवर. पाहुण्यांपुढं मी आधीच फुशारकी मारून ठेवलेली — ‘मुलीचे काका मिलिटरीत.’ आता ते काका कोट घालून, मेडल लावून पहिल्या रांगेत दिसायला नकोत का? दादाला आणायला गेलो. तो म्हणाला, “पाणी लई खाली गेलंय. धरणात बुडाल्यालं जुनं देऊळ उघडं पडलंय, सगळीकडं गाळ. ह्या दिवसांत मी हलत न्हाय.” मी रुसलो. पुतणीचा कार्यक्रम आणि तुला मेंढरं जास्त? वगैरे. शेवटी तयार झाला बिचारा.

आबा म्हणाले, “जायाचं तर रीतीनं जा.” त्यांच्यातली रीत अशी, की राखणारा बाहेर निघाला तर ठाण्यापुढं आपली काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची, चांदीच्या कपाळाला भंडारा लावायचा, आणि दोघांनी मिळून पहिली हाक घालायची. म्हणजे कळपाला नवा आवाज कळतो. पण कळप लांब होता, तो यायला अर्धा तास तरी गेला असता. मी घड्याळ बघितलं. साडेबाराचा मुहूर्त. दादाच्या हातातली काठी घेतली, गोठ्याच्या भिंतीला टेकवली आणि त्याला गाडीत बसवला. आबांनी गाडीचं दार लावून दिलं. अडवलं असतं तर बरं झालं असतं.

हॉलमध्ये दादा छान बसला होता. व्याह्यांनी हात मिळवला, फोटो झाले. मुला-मुलीनं अंगठ्या घातल्या, टाळ्या वाजल्या, आणि दादा ताडकन् उभा राहिला.

“गाळात उतरली... चांदी गाळात उतरली. हाक माराय पायजे.”

सगळे बघायला लागले. व्याह्यांच्या भुवया वर गेल्या. मला काळजी पडली ती मेंढरांची नाही, अब्रूची. मी त्याचं मनगट दाबलं आणि दात-ओठ खात म्हणालो, “दादा, खाली बस. लोक काय म्हणतील? गप बस म्हणतो ना!”

तो बसला. माझ्याकडं बघितलं, आणि बसला. घाम फुटलेला, ओठ हलत होते. दहा मिनिटं असेल, पंधरा असेल. मग माझा हात झटकून तो मागच्या दारानं बाहेर गेला. पार्किंगमध्ये उभा राहून, ईशान्येला, पळसदेवच्या बाजूला तोंड करून, छाती फाटेल अशी हाक घातली. एकच. आचारी हातातलं टाकून बाहेर आले. मी त्याला नाही नाही ते बोललो, तेही माणसांसमोर.

पाच मिनिटांत वहिनीचा फोन वाजला. आबा होते. कळप तहानेनं गाळाच्या बाजूला घुसला होता. चांदी पुढं, बाकीची मागं. आबा, त्यांची सून, वस्तीवरची माणसं ओरडून ओरडून थकली, मेंढरं वळेनात. “आन् मंग त्येची हाक आली,” आबा म्हणाले. “माळावरनं. आमी समद्यांनी ऐकली. वाटलं, आला परत. राहिलेली मेंढरं गर्रकन् वळली. ह्यो हाय कुठं? माळावर तर कुणीच दिसंना.”

बारामती ते पळसदेव चाळीसेक किलोमीटर आहे.

राहिलेली वळली. चांदी आणि तिच्यामागची वीसेक गाळात गेली ती गेलीच. त्या पंधरा मिनिटांत.

मी पुष्कळ डोकं चालवलं. तहानलेली मेंढरं पाण्याकडं जाणार, कबूल. दादाच्या मनात सकाळपासून गाळच होता, तेही कबूल. पण वेळ? आणि ती हाक, ती चार माणसांनी ऐकली कशी? आबांच्या सुनेला मी वेगळं गाठून, वकिलासारखं उलटंसुलटं विचारलं. ती म्हणाली, “भावजी, हाक त्यांचीच व्हती. मी रोज ऐकती की.” इथं येऊन माझं डोकं बंद पडतं.

आबांनी दोनदा बोलावलं, दादा गेला नाही. काठीला हात लावत नाही. कळसला ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. मुलगी सुखात आहे, आणि व्याह्यांनी त्यानंतर एकदाही मिलिटरीवाल्या काकांचं नाव काढलेलं नाही. ज्यांच्यासाठी केलं त्यांना काही पडलेलीच नव्हती.

गेल्या दिवाळीत धीर करून विचारलं, “दादा, तुला कळलं कसं रे?”

त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, “कळलं त्ये सोड. दोन्ही बारीला कळलंच हुतं. पर मी बसलो का रं?”

त्याला कळलं कसं, ते मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. पण तो बसला का, ते मला पक्कं माहीत होतं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, खरंच विचारत होता... आणि मी म्हणालो, “चहा टाकायला सांगू का?”