सहकर्जदाराची सही

नोएडातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नागपूरचा एक तरुण राहतो. कर्ज काढून त्याने गणिताची पदवी घेतली आणि आता एका विमा कंपनीत तो माणसं साधारण किती जगतील, याचे अंदाज बांधतो. बोलतो अगदी हळू, आणि बोलण्याआधी क्षणभर समोरच्याच्या गळ्याकडे पाहतो. बायको म्हणते, "मुलगा भला आहे, पण त्याने पाहिलं की अंगात कसकस आल्यासारखं वाटतं."

आमच्या लेकीलाही गणितच शिकायचं आहे. विद्यापीठ खासगी, फी भरमसाट. एका रविवारी त्याला चहाला बोलावून मी सरळ विचारलं, "परवडेल का रे हे?"

तो आधी तिच्याशी बोलला. त्याने घातलेलं गणित तिला सुटेना, तरी ती ते सोडेना. ते पाहून तो चक्क हसला.

"घ्या कर्ज, काका. सुरुवातीला पगार कमी मिळेल, पण फेडेल ती. माझंही फिटलं."

मला हायसं वाटलं. बायको आणि लेक आत गेल्या, तसा तो पुढे वाकला.

"सहकर्जदार म्हणून काकूंची सही घ्या. तुमची नको."

"का? पगार तर माझा जास्त आहे."

"जिन्यात तुमचा श्वास ऐकतो मी," तो मऊ आवाजात म्हणाला. "बिल्कुल घाबरू नका. अंदाजच आहे."

मग उरलेलं बिस्किट त्याने शांतपणे खाल्लं.

बँकेत बायकोने सही केली. "माझी कशाला?" असं तिने विचारलं, तेव्हा मी टॅक्सचं काहीतरी सांगितलं.